शहर छापा अडवू शकत नाही, पण ठसे कुणाचे घ्यायचे हे त्याच्या हातात असतं

प्रश्न असा आहे: "माझी मुलगी लॉस एंजेलिसला एम.एस. करते. तिथल्या महापौर आईसच्या (केंद्राच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याच्या) छाप्यांविरुद्ध रोज बोलतात आणि त्यांचेच पोलीस मोर्चेकऱ्यांवर रबरी गोळ्या झाडतात. हा दुटप्पीपणा नाही का? शहराच्या हातात नक्की असतं तरी काय? आणि मुलीने अशा मोर्च्याला जावं का?"

मी कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या विधी खात्यात बरीच वर्षं काम केलं. पोलिसांचे लेखी आदेश तपासायचे, मोर्च्यानंतर शहरावर आलेले दावे हाताळायचे, सिटी कौन्सिलने उत्साहात केलेला ठराव कायद्यात बसतो का ते सांगायचं, असं ते काम. लॉस एंजेलिस महापालिकेशी माझा नोकरीचा संबंध कधी आला नाही. सरळ उत्तर आधी देते. पोलिसांनी मोर्च्यात उतरणं हा दुटप्पीपणा नाही. तो असलाच तर मोर्चा संपल्यावर, ठाण्यात, पकडलेल्यांची नोंद करताना होतो. तिथे कॅमेरे नसतात, म्हणून त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मराठी वाचकाचा पहिला घोटाळा महापौर या पदापाशी होतो. मुंबईच्या महापौरांच्या हाताखाली एकही पोलीस नाही. पोलीस आयुक्त राज्य सरकारचे आणि महापालिका आयुक्तही राज्य सरकारनेच नेमलेले. लॉस एंजेलिसच्या महापौर कॅरन बॅस मात्र पोलीसप्रमुखाची नेमणूक करतात, आणि एलएपीडी, म्हणजे लॉस एंजेलिसचं पोलीस दल, हे महापालिकेचंच खातं आहे. पण शहराची हद्द ओलांडली की चित्र बदलतं. ७ जून २०२५ ला जिथे मोठा गोंधळ झाला ते पॅरामाउंट हे वेगळं गाव, आणि तिथला बंदोबस्त काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या, शेरिफकडे. शेरिफ लोकांतून निवडून येतो, महापौरांचं त्याच्यावर काही चालत नाही, आणि काउंटीचे तुरुंग त्याच्या ताब्यात. टीव्हीवर हे सगळे 'लॉस एंजेलिसचे पोलीस' म्हणून दिसतात. त्यात नॅशनल गार्ड (एरवी गव्हर्नरच्या हुकमतीखाली असलेलं राज्याचं राखीव सैन्य), सीमा गस्तीचे जवान आणि तोंड झाकलेले आईसचे लोक मिसळले की कुणी काय झाडलं ते ओळखणं अवघड. असे दावे चालतात तेव्हा सुरुवातीचा बराच काळ एवढंच शोधण्यात जातो की ही गोळी कुणाची.

आता शहर छापा का अडवत नाही ते बघू. परदेशी नागरिकांनी देशात राहायचं की नाही हा विषय अमेरिकेत पूर्णपणे केंद्राचा आहे. केंद्राचा अधिकारी आपलं काम करत असताना शहराच्या पोलिसाने त्याला हात धरून थांबवलं, तर अटक पोलिसालाच होईल. त्या अधिकाऱ्याने कामाच्या नावाखाली उघड गुन्हा केला तर राज्य त्याच्यावर खटला भरू शकतं, पण तो खटला केंद्रीय न्यायालयात हलवता येतो आणि तिथे पहिला मुद्दा हाच निघतो की तो कर्तव्य बजावत होता. म्हणून "आमच्या शहरात आईसला पाऊल ठेवू देणार नाही" असं एखादा नेता म्हणाला की मी ते भाषण म्हणून ऐकते आणि सोडून देते.

केंद्राला राज्यांच्या आणि शहरांच्या पोलिसांना मात्र स्वतःच्या कामाला जुंपता येत नाही. हे ठरलं १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात, आणि तो खटला बंदुकांचा होता. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक शेरिफने तपासावी असा केंद्राचा कायदा होता. माँटाना आणि अ‍ॅरिझोनातले दोन शेरिफ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कॅलियांनी, जे उजव्या विचारांचे मोठे आधारस्तंभ होते. आज लॉस एंजेलिस आणि शिकागो ज्या ढालीमागे उभी आहेत, ती बंदूकवाल्यांनी घडवलेली आहे. जुलै २०२५ मध्ये इलिनॉय आणि शिकागोविरुद्धचा केंद्राचा दावा न्यायालयाने फेटाळला, तोही याच तत्त्वावर.

'सँक्चुअरी सिटी' म्हणजे एवढंच: आम्ही तुम्हाला अडवणार नाही, पण आमचे हात वापरू देणार नाही. लॉस एंजेलिसमध्ये याची सुरुवात कुठल्या डाव्या महापौराने केलेली नाही. १९७९ मध्ये पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांच्या काळात 'स्पेशल ऑर्डर ४०' निघाली, आणि गेट्स हे अत्यंत कडक, वादग्रस्त पोलीस अधिकारी म्हणून ओळखले जात. एखाद्याचा इमिग्रेशनचा दर्जा शोधून काढण्यासाठी पोलिसांनी कारवाई सुरू करायची नाही, असा तो आदेश. कारण साधं होतं: साक्षीदार पोलिसांकडे यायला घाबरला तर खुनाचा तपास होत नाही. २०१७ मध्ये राज्याने एसबी ५४ हा कायदा करून हीच भूमिका सगळ्या कॅलिफोर्नियाला लावली. 'अमुक माणसाला आमच्यासाठी जास्त वेळ धरून ठेवा' अशी आईसची जी डिटेनर नावाची चिठ्ठी येते, ती विनंती असते. तिच्यावर न्यायाधीशाची सही नसते. नुसत्या चिठ्ठीवर माणूस डांबून ठेवला तर भरपाई शहराच्या किंवा काउंटीच्या तिजोरीतून जाते.

बाकीची हत्यारं लहान आहेत, पण मला ती फार आवडतात, कारण ती खरी महापालिकेची आहेत: पार्किंग, कुंपण, जमिनीचा वापर. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिकागोचे महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी आदेश काढला की महापालिकेच्या मालकीची पार्किंगची जागा, मोकळे भूखंड, गॅरेज इमिग्रेशन कारवाईचा तळ म्हणून वापरू द्यायचे नाहीत. पोर्टलंडने आईसच्या इमारतीला दिलेला जमीनवापर परवाना बाहेर काढून तपासला. लोकांना बारा तासांपेक्षा जास्त डांबायचं नाही ही त्यातली अट मोडल्याबद्दल नोटीस बजावली. शिकागोजवळच्या ब्रॉडव्ह्यू या चिमुकल्या गावात आईसने आपल्या इमारतीबाहेर सार्वजनिक रस्त्यावरच कुंपण ठोकलं होतं. गावाने दावा लावला की अग्निशमनाची गाडी जाणार कशी? न्यायाधीशांनी कुंपण काढायला लावलं. भाषणांनी जे झालं नाही ते बंबाच्या वाटेने झालं.

पण त्याच ब्रॉडव्ह्यूच्या महापौर कॅट्रिना थॉम्पसन यांनी, आईसशी भांडत असतानाच, इमारतीबाहेरच्या निदर्शनांवर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी वेळेची मर्यादा घातली. रहिवाशांना झोप नाही, दुकानदारांना धंदा नाही. इथून तुमच्या मूळ प्रश्नाला सुरुवात होते.

जून २०२५ चं लॉस एंजेलिस आठवा. ६ जूनला फॅशन डिस्ट्रिक्टमधल्या कपड्यांच्या कंपनीत आणि वेस्टलेकमधल्या होम डेपो या बांधकाम सामानाच्या दुकानाच्या आवारात छापे पडले. पोलीसप्रमुख जिम मॅकडॉनेल म्हणाले, आम्हाला आधी कळवलेलं नव्हतं. लोक जमले ते पकडलेल्यांना जिथे नेलं त्या डाउनटाउनच्या केंद्रीय इमारतींसमोर. इमारत केंद्राची, आतली माणसं केंद्राची, आणि पुढचा रस्ता शहराचा. त्यात ट्रम्प यांनी गव्हर्नर न्यूसम यांना डावलून कॅलिफोर्नियाचा नॅशनल गार्ड स्वतःच्या ताब्यात घेतला. गव्हर्नरने मागितलेला नसताना असं होण्याची ही १९६५ नंतरची पहिली वेळ. जवानांची संख्या पुढे सुमारे चार हजारांवर गेली, शिवाय सातशे मरीन सैनिक. गार्ड इमारतीला चिकटून उभा, जमाव समोर, आणि मधली पट्टी एलएपीडीची. दगड पडला, गाडी पेटली, १०१ महामार्ग अडला, तर धावायचं शहराच्याच पोलिसांना. गाडी कुणाच्या रागापोटी पेटली हे पाहून आगीला उशिरा जायचं, असं कुठलंही शहर करू शकत नाही. महापौरांनी १० जूनला डाउनटाउनच्या साधारण एक चौरस मैलात रात्रीची संचारबंदी लावली आणि आठवड्याभरात उठवली. पाचशे चौरस मैलांच्या शहरात एक चौरस मैल. टीव्हीवर मात्र सगळं शहर जळत होतं.

गार्डचा कज्जा लांबला. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशांनी सप्टेंबरमध्ये म्हटलं की सैन्याकडून पोलिसी काम करून घेणं १८७८ च्या कायद्याचा भंग होता. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिकागोच्या प्रकरणात केंद्राला गार्ड उतरवू दिला नाही, त्यानंतर लॉस एंजेलिस, शिकागो आणि पोर्टलंड या तिन्ही शहरांतून माघार झाली. माझ्या मते या सगळ्यात शहरांचा सर्वांत मोठा स्वार्थ हा होता की स्वतःच्या रस्त्यावर आपले पोलीस पुरेसे आहेत हे न्यायालयात दाखवता यावं. ते दाखवायचं तर पोलीस रस्त्यावर उतरलेच पाहिजेत. बाजूला बसलात तर "बघा, शहराला जमत नाही" म्हणून गार्ड येतो. उतरलात तर स्वतःच्याच मतदारांसमोर लाठी घेऊन उभे राहता. शिकागोच्या पोलिसांनी हे दोन्ही एका दिवसात भोगलं. ४ ऑक्टोबरला ब्राइटन पार्कमध्ये केंद्राच्या जवानांना पोलिसांनी मदत केली नाही असा आरोप झाला, आणि तिथेच जमावाला आवरायला उभे असलेले शिकागोचे पोलीस केंद्राच्याच अश्रुधुरात सापडले.

तेव्हा पोलीस उतरले का, यावरून शहराला जोखू नका. ते कसे उतरले हे बघा, आणि त्यात पहिली गोष्ट म्हणजे पांगण्याचा आदेश. आपल्याकडे जमावबंदी आधीच लागू करता येते. पूर्वीचं कलम १४४, आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. अमेरिकेत असं आगाऊ लावणं फार अवघड. जमाव बेकायदा झाला हे त्या जागी, त्या वेळी जाहीर करावं लागतं; लोकांना ऐकू जाईल असं सांगावं लागतं, कुठल्या वाटेने जायचं ते सांगावं लागतं आणि जायला वेळ द्यावा लागतो. २००७ च्या मे दिनाला मॅकआर्थर पार्कमध्ये इमिग्रंटांच्या हक्कांचा मेळावा होता. एलएपीडीने आदेश दिला तो हेलिकॉप्टरमधून आणि इंग्रजीत. खाली बहुतेक स्पॅनिश बोलणारी कुटुंबं, मुलंबाळं. मग लाठ्या आणि रबरी गोळ्या, त्यात पत्रकारही. शहराला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर मोजावे लागले. आमच्या शहरात त्यानंतर जेव्हा जेव्हा मोर्च्याचा आराखडा टेबलावर आला, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: आदेश कुठल्या भाषांत, आणि शेवटच्या रांगेत तो ऐकू आला याचं रेकॉर्डिंग कोण करणार? अधिकारी वैतागायचे.

२०२० च्या आंदोलनांनंतर राज्याने कायदाच केला. २०२२ पासून कॅलिफोर्नियात रबरी वा फोमच्या गोळ्या आणि अश्रुधूर केवळ संचारबंदी मोडली, पोलिसाला तोंडी धमकी दिली किंवा सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून वापरता येत नाहीत. जिवाला धोका हवा किंवा परिस्थिती खरोखर धोकादायक आणि बेकायदा हवी, वारंवार सूचना हवी, आणि डोकं, मान किंवा महत्त्वाचे अवयव यांच्यावर नेम धरायचा नाही. हा कायदा शहराच्या पोलिसांना आणि शेरिफला लागू आहे. केंद्राच्या जवानांना नाही. तरीही जून २०२५ मध्ये एवढे पत्रकार जखमी झाले की जुलैमध्ये केंद्रीय न्यायाधीशांना एलएपीडीला पत्रकारांवर ही हत्यारं वापरण्यापासून रोखणारा आदेश द्यावा लागला. कायदा कागदावर असताना. इथे तुमचा राग रास्त आहे, आणि महापौरांनी त्याचं उत्तर द्यायला हवं होतं ते आईसकडे बोट दाखवून नव्हे.

आता मूळ मुद्दा. मोर्च्यात पांगण्याचा आदेश न पाळल्याबद्दल कुणाला पकडलं, तर पोलिसांपुढे दोन वाटा असतात. एक, जागेवर चिठ्ठी हातात देऊन 'अमुक तारखेला न्यायालयात या' म्हणून सोडणं. हा किरकोळ गुन्हा आहे आणि कॅलिफोर्नियाचा कायदा अशा प्रकरणांत साधारणपणे याच वाटेकडे झुकतो. दोन, ठाण्यात नेऊन बुकिंग करणं, म्हणजे फोटो आणि दहाही बोटांचे ठसे. ठसे घेतले की ते राज्याकडे जातात, राज्याकडून एफबीआयकडे, आणि एफबीआयकडून आपोआप गृहसुरक्षा खात्याकडे. ही यंत्रणा २००८ पासून आहे. ओबामांच्या काळात तिचं नाव बदललं, बायडेन आले-गेले, नळ कधी बंद झाला नाही. शहराला त्यातून बाहेर पडता येत नाही. महापौरांनी कितीही ठराव केले, पोलिसाने कधी कुणाचा व्हिसा विचारला नाही, तरी ठशांच्या यंत्रावर बोट टेकलं की आईसला खबर लागते की हा माणूस आज अमुक ठाण्यात आहे.

म्हणजे छाप्यांबद्दलचं धोरण आणि मोर्च्याचा बंदोबस्त ही दोन खाती दिसतात, पण ती बुकिंगच्या टेबलापाशी एकत्र येतात. ज्या शहराने दर्जा विचारायचा नाही असं ठरवलंय, त्याच शहराने इमिग्रंटांच्या मोर्च्यात शेकड्याने लोक धरून त्यांचे ठसे घेतले, तर त्याने आपलंच धोरण एका रात्रीत रद्द केलं. कौन्सिलच्या बैठका मी भरपूर पाहिल्या. निषेधाच्या ठरावातल्या एका विशेषणावर तास तास वाद होतात. सामूहिक अटक झाल्यास जागेवर सोडायचं की बुकिंग करायचं, हे ठरवणारा आदेश मात्र एखादा डेप्युटी चीफ दुपारी दोन ओळींत काढतो, आणि तो कौन्सिलमध्ये कुणी वाचलेला नसतो.

गुन्ह्याचं नावही तितकंच महत्त्वाचं. जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्यानुसार, कागदपत्रांविना असलेल्या माणसावर चोरी, दुकानातली उचलेगिरी किंवा पोलिसावर हल्ला यांसारखा नुसता आरोप आला, नुसती अटक झाली, तरी आईसने त्याला डांबणं सक्तीचं आहे; दोष सिद्ध व्हायची वाट बघायची नाही. धक्काबुक्कीत पोलिसाच्या ढालीला हात लागला. त्याला 'पांगला नाही' म्हणायचं की 'अधिकाऱ्यावर हल्ला', हे अहवाल लिहिणारा हवालदार ठरवतो. शहराला प्रशिक्षण द्यायचं असेल तर इथे द्यावं.

माहिती गळण्याचं आणखी एक ठिकाण म्हणजे गाड्यांच्या नंबर प्लेट टिपणारे कॅमेरे. कॅलिफोर्नियात ही माहिती राज्याबाहेर किंवा केंद्राला द्यायला बंदी आहे, इलिनॉयमध्ये इमिग्रेशनसाठी द्यायला. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये इलिनॉयच्या तपासणीत निघालं की फ्लॉक या कंपनीच्या यंत्रणेतून केंद्राच्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण खात्याला तिथली माहिती मिळत होती. इव्हन्स्टनने नंतर ते कॅमेरेच बंद करायचं ठरवलं. कंत्राटातलं माहिती कुणाला दिसेल हे कलम वाचणारा माणूस महापालिकेत असणं, हे दहा पत्रकार परिषदांच्या तोडीचं आहे.

तुमच्या मुलीबद्दल. ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणार असं धरते. शांततेने निदर्शनं करायचा हक्क घटनेने तिलाही दिलेला आहे, पण अटकेचे परिणाम नागरिकापेक्षा तिला फार जड आहेत. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने परदेशी विद्यार्थ्यांची नावं गुन्हे नोंदींच्या यादीशी जुळवून हजारो जणांच्या विद्यार्थी नोंदी बंद केल्या. त्यात भारतीय पुष्कळ होते, आणि ज्यांचं प्रकरण केव्हाच निकाली निघालं होतं किंवा जे नुसतं वाहतुकीचं होतं असेही बरेच. न्यायालयांनी झोडपल्यावर महिनाअखेरीला नोंदी परत सुरू केल्या. "आपण कायदेशीर आहोत, आपला काय संबंध" असं इथली मराठी मंडळी म्हणतात, त्यांना मी एवढीच आठवण करून देते. शिवाय ज्यांचा रंग, भाषा आणि कामाची जागा पाहून अडवलं जात होतं त्यांच्या बाजूने जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिलेला मनाई आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ ला थांबवला. गहूवर्णी चेहरा स्पॅनिश की मराठी, हे अडवणाऱ्याला लांबून कळत नाही.

जायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं, तुम्ही किंवा मी नाही. गेली तर परवानगी असलेल्या, दिवसाच्या मोर्च्याला जावं, केंद्रीय इमारतीसमोरच्या रात्रीच्या जमावात नको. पांगण्याचा पहिला आदेश ऐकू आला की निघावं. दुसऱ्या आदेशाची वाट बघणं नागरिकांना परवडतं. परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा केंद्राचा कायदा आहे आणि २०२५ पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली आहे. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची, प्रत सोबत असावी. पोलिसांनी पकडलंच तर नाव सांगावं, खोटं काही बोलू नये, आणि जन्म कुठला, व्हिसा कुठला या प्रश्नांवर वकिलाशिवाय बोलणार नाही असं म्हणावं. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा आणि एका इमिग्रेशन वकिलाचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर हवा, कारण फोन आधी काढून घेतात.

आणि हातात चिठ्ठी पडली, तर "किरकोळ आहे, दंड भरून मोकळं व्हा" असं सांगणारा फौजदारी वकील भेटतोच. त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असतं. गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. प्रकरण मागे घेतलं गेलं, तर न्यायालयाची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईच्या वकिलातीत ती मागतील.